खाल्ल्या घरचे वासे

इसाल्मीत नोव्हेंबरात तीनलाच दिवे लागतात.
बेकरीच्या वाशांखाली आडव्या काठ्या,
काठ्यांत ओवलेल्या भाकऱ्या, मधोमध भोक पाडलेल्या.
राय : गव्हाची काळी, काटक बहीण.
एकेचाळीस वर्षं तूरे वॅन्स्का, माझे वडील,
पीठ खाऊन, पीठ श्वासात ओढून जगले.
मग वजन उतरू लागलं. पट्ट्याला
एक नवं भोक पाडलं, महिन्यानं दुसरं.

कुओपिओच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
आता गहू नाही, राय नाही, सातू नाही.
बाबांनी मला विचारलं, कारण तांपेरेला मी
ह्याच गोष्टीकडे बघण्याचा पगार घेते :
"माझ्याच भाकरीनं माझ्याशी काय दावा मांडला?"

पिठाच्या रिकाम्या पिशवीवर मी चित्र काढलं.

बघा, पोटात सगळं तुटतं. मासा, दूध, मटार.
कात्रीला मणी सुटे करायची सवय.
पण ह्या प्रथिनात प्रोलीन फार,
आणि प्रोलीन म्हणजे माळेतला वाकडा मणी,
तिथं पातं बसत नाही.
एक तुकडा उरतो, तेहतीस मण्यांचा,
जेवताना गिळलेल्या बोलण्यासारखा.

तो भिंतीपलीकडे झिरपतो.
तिथं एक विकर असतं, जखमा शिवणारं,
सालस, घरचंच.
ते सवयीनं तुकड्यावरून हात फिरवतं
आणि एका मण्याचं टोक बदलतं.
एवढंच. ग्लुटामीनचं ग्लुटामेट.
जिथं काही नव्हतं तिथं ऋणभार.

काही पेशी अंगावर ताट धरून बसतात :
दोन उंच कडा, मधे खोबण,
खोबणीत नऊ मण्यांपुरती जागा.
काही घराण्यांच्या ताटांत
ऋणभारासाठीच खळगे असतात.
तुमच्यात आहेत. बहुधा माझ्यातही.
कालपर्यंत निसटणारा तुकडा
आज खळग्यात टेकून बसतो, आणि दिसतो.

"कुणाला?"

टी-पेशीला. डोळे नाहीत तिला.
टोकाशी सहा वेटोळी, बोटांसारखी.
ती ताटावर तिरपी टेकते,
चार बोटांनी कडा चाचपते,
मधल्या दोहोंनी घास.
तिला कळतं ते शेत नव्हे, गहू नव्हे, तुम्ही तर नव्हेच;
दोन-तीन मण्यांचा उंचसखलपणा फक्त.
पकड इतकी सैल की काही सेकंदांत सुटावी.
पण तेवढ्यात आत निरोप गेलेला असतो,
आणि पहारी घेऊन निघालेले असतात सगळे
आपल्याच भिंतीकडे.

"तिला कुणी शिकवलं नाही?"

शिकवलं ना. छातीच्या हाडामागं शाळा होती,
"हे आपलं, हे आपलं" घोकून घेणारी.
आपल्यालाच झोंबेल तिला तिथंच संपवायचे.
शंभरातल्या दोन-तीन बाहेर पडल्या.
भाकरीचा धडा त्या शाळेत नव्हता.

बाबा पिशवीकडे बघत राहिले.
भट्टीचं पत्र्याचं दार निवताना टकटकत होतं.
"म्हणजे बदललं आपणच," ते म्हणाले,
"आणि मग परकं म्हटलं तेही आपणच."

बारा वर्षं मी ह्यावर निबंध लिहितेय.
माझ्या एकाही वाक्याला असं जमलं नव्हतं.

खाल्ल्या घरचे वासे मोजणारा, म्हणतात कृतघ्नाला.
बाबा मान वर करून खरंच वासे मोजत होते,
म्हणजे काठ्या, काठ्यांवरच्या भाकऱ्या :
बावीस, तेवीस, एक मोडकी.
सोमवारी त्यांनी भट्टी सेन्नीच्या हाती दिली,
पिठाच्या धुळीपासून लांब, दाराशी खुर्ची टाकली.
मी मका आणि कुट्टूचा पाव भाजून नेला होता,
विटेसारखा. कॉफीत बुडवून
त्यांनी तो पुष्कळ वेळ चावला.

"कसाय?"

"ह्याची माझी अजून ओळख नाही," म्हणाले,
आणि दुसरा तुकडा मोडला.